भाडेपावतीवरचं नाव

मुंबईच्या जुन्या चाळीत ‘आपल्या बिल्डिंगवर रिसीव्हर बसलाय’ अशी कुजबुज सुरू झाली की भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो. आता सामान रस्त्यावर, असंच आधी वाटतं. पण पहिल्यांदा बदलतं ते भाडेपावतीवरचं नाव. मालकाच्या मेहताजीकडे जाणारं भाडं आता रिसीव्हरकडे भरायचं.

मालकानं इमारत गहाण टाकून कर्ज थकवलं, तर ती लगेच विकण्यात सावकाराचं हित असतंच असं नाही. खोल्या भाडेकरूंनी भरलेल्या असल्या की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. त्यापेक्षा दरमहाचं भाडं मालकाच्या खिशात जाण्याआधी वळवलेलं बरं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. ही सोय करणारं कलम ६९-अ त्यात १९२९ साली आलं. कोर्टात न जाता विक्री करायचा अधिकार ज्या सावकाराला आहे, त्यालाच ती मिळते. गहाणखतात नाव घातलेला माणूस त्यानं रिसीव्हर म्हणून नेमायचा. नाव नसेल तर कर्जदाराला मान्य असलेला. तेही जमलं नाही तर कोर्टाकडे अर्ज.

गंमत अशी की नेमतो सावकार, पण कायद्यानं रिसीव्हर ठरतो कर्जदाराचा प्रतिनिधी. त्याची चूक एरवी कर्जदारानंच निस्तरायची. मुंबई उच्च न्यायालयाचा कोर्ट रिसीव्हर निराळा. त्याचं कायमचं कार्यालय आहे आणि तो न्यायालयाचा अधिकारी, दोन्ही पक्षांपैकी कुणाचाच नव्हे. जागा ताब्यात असलेल्यालाच, वापरापोटी रॉयल्टी ठरवून, रिसीव्हरचा एजंट म्हणून राहू द्यायची रीत तिथे आहे.

कलम ६९-अ मध्ये जमा भाड्याची वाट आखून दिलेली आहे. आधी कर आणि पट्ट्या. मग आधीच्या गहाणांचं व्याज. मग रिसीव्हरचं कमिशन, विम्याचा हप्ता आणि दुरुस्ती. त्यानंतर सावकाराचं व्याज, त्यानं लेखी सांगितलं तर मुद्दल, आणि काही उरलंच तर मालकाला.

दुरुस्ती सावकाराच्या व्याजाच्या आधी, हे मला या कलमातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. टेकूवर उभा सज्जा, कुजलेला लाकडी जिना तसाच सोडला तर भाडं तरी कुठून येणार? पण अट आहे: ती दुरुस्ती सावकारानं लेखी सांगितलेली हवी. जिन्याची फळी बदलायची की नाही, ते त्याच्या एका ओळीच्या पत्रावर ठरतं. दप्तर पाठीवर टाकून त्याच जिन्यानं उतरणाऱ्या पोराच्या आईबापांनी ती ओळ मागून घ्यावी. नव्या नावाची पावती हाती आली की रिसीव्हरला अर्ज द्यावा, एक प्रत सावकाराला: तिसरी आणि सातवी पायरी कुजली आहे.