घरातली मारहाण आणि बेलेमचा करार

९ जून १९९४ रोजी ॲमेझॉनच्या मुखाशी वसलेल्या बेलेम या ब्राझीलमधल्या शहरात अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने एक करार मंजूर केला. केवळ स्त्रियांवरील हिंसेला वाहिलेला आणि सरकारांना कायद्याने बांधणारा जगातला हा पहिला करार. शहराच्या आणि पारा प्रांताच्या नावावरून त्याला ‘बेलेम दो पारा करार’ म्हणतात. आजवर बत्तीस देशांनी त्याला मान्यता दिली आहे. अमेरिका आणि कॅनडा मात्र बाहेरच राहिले.

आपल्याकडे नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट बहुधा पोलीस ठाण्याच्या पायरीवर संपते. ‘घरचं प्रकरण आहे, घरात मिटवा,’ असे तिथे सांगितले जाते आणि ती बाई पुन्हा नांदायला जाते. या दुखण्यावर देशादेशांनी मिळून काही करता येते, हे आपल्या मनातही येत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या बायकांच्या मनात मात्र ते आले, आणि ते तडीस नेण्याइतकी चिकाटीही त्यांच्यापाशी होती.

१९८१ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे त्या खंडातल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या पहिल्यांदा एकत्र जमल्या. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या हुकूमशहाने २५ नोव्हेंबर १९६० रोजी मिराबाल भगिनींची हत्या घडवून आणली होती. तो दिवस स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात पाळायचे बोगोटात ठरले. संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली ती अठरा वर्षांनी, १९९९ मध्ये. ज्या देशांत लष्करी राजवटींनी माणसे गायब केली होती, तिथल्या बायकांनी छळाची दोन रूपे जवळून पाहिली होती: कोठडीतला छळ आणि घरातला छळ. पहिल्याबद्दल सरकारला जाब विचारता येतो, तर दुसऱ्याबद्दल का नाही, हा त्यांचा सवाल होता. सरकारांच्या बाजूने हे काम उचलले आंतर-अमेरिकी महिला आयोगाने. १९२८ साली हवाना इथे स्थापन झालेल्या या आयोगानेच कराराचा मसुदा घडवला.

कराराची हिंसेची व्याख्या घरातल्या हिंसेलाही स्पष्टपणे कवेत घेते. हिंसा रोखण्यात, तिचा तपास करण्यात कसूर झाली तर जबाबदारी सरकारची, असे सातवे कलम सांगते. माझ्या मते मात्र खरी ताकद आहे बाराव्या कलमात. कोणतीही व्यक्ती, कोणताही गट, कोणतीही मान्यताप्राप्त संस्था आपल्या सरकारविरुद्ध थेट आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करू शकते. सरकारांनी सही करून आपल्याच नागरिकांच्या हाती हे हत्यार दिले.

ते हत्यार कसे चालले, हे मारिया दा पेन्हा यांच्या लढ्यात दिसते. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरातल्या या औषधशास्त्रज्ञ बाईंना १९८३ च्या मे महिन्यात नवऱ्याने झोपेत गोळी घातली. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. इस्पितळातून त्या घरी आल्यावर त्याने त्यांना विजेच्या धक्क्याने मारण्याचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये त्याला शिक्षा झाली, अपिलावर तो सुटला. १९९६ मध्ये पुन्हा शिक्षा झाली, तरी तो मोकळाच राहिला. अखेर १९९८ मध्ये मारियाबाई आणि मानवी हक्कांसाठी व स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संघटना मिळून मानवी हक्क आयोगाकडे गेल्या. ब्राझील सरकारने उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. २००१ मध्ये आयोगाने निर्णय दिला: हा केवळ एका नवऱ्याचा गुन्हा नाही, तो चालवून घेणारे राज्यही दोषी आहे. या कराराच्या आधारे दिलेला हा पहिला निर्णय. नवरा गजाआड गेला तो २००२ मध्ये, गोळी झाडल्यानंतर एकोणीस वर्षांनी.

आयोगाच्या शिफारशी फायलीत पडून राहू नयेत म्हणून ब्राझीलमधल्या स्त्री-संघटनांनी एकजूट केली, कायद्याचा मसुदा स्वतः लिहिला आणि सरकारशी बसून तो पुढे रेटला. तोवर तिथे बायकोला मारणे किरकोळ गुन्ह्यात मोडत असे आणि गरिबांना धान्याची टोपली दान केली की नवरा सुटे. ७ ऑगस्ट २००६ च्या ‘मारिया दा पेन्हा कायद्या’ने ते बंद केले, खास न्यायालये आणली आणि संरक्षणाच्या आदेशावर न्यायाधीशाने अठ्ठेचाळीस तासांत निर्णय द्यावा असे ठरवले. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाने सिउदाद हुआरेसमधल्या तरुण मुलींच्या हत्यांबद्दल मेक्सिकोला जबाबदार धरले, तेही याच कराराचा आधार घेऊन. २००४ पासून कराराच्या पाठपुराव्याची यंत्रणाही आहे. सरकारे तिथे आपला अहवाल देतात आणि संघटना त्याच कामाचा स्वतंत्र अहवाल देतात.

एवढे होऊनही लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांत एकेका वर्षात चार हजारांच्या आसपास स्त्रिया केवळ स्त्री म्हणून मारल्या जातात. कराराने हिंसा थांबवलेली नाही, हे मान्यच करायला हवे. पण सरकारला हात झटकणे त्याने अवघड केले, आणि मला ते थोडे वाटत नाही.

याच वाटेने पुढे आफ्रिकेने २००३ मध्ये मापुटो प्रोटोकॉल स्वीकारला, युरोपने २०११ मध्ये इस्तंबूल करार. ज्या देशात त्यावर सह्या झाल्या, तो तुर्कस्तान २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बाहेर पडला. बायका रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या, तरी निर्णय फिरला नाही. सरकारने एकतर्फी पाठ फिरवली की करार किती दुबळा होतो, हे तिथे दिसले.

दक्षिण आशियात घरातल्या हिंसेविरुद्धच्या कायद्यांची कमतरता नाही. श्रीलंकेने २००५ मध्ये, नेपाळने २००९ मध्ये, बांगलादेशाने २०१० मध्ये कायदे केले. आपला २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला, ब्राझीलच्या कायद्यानंतर अडीच महिन्यांनी. त्यामागेही स्त्री-संघटनांची आणि वकिलांची अनेक वर्षांची मेहनत होती. सरकार आणि संस्था यांनी एकत्र काम करण्याचा महाराष्ट्राचा अनुभव तर त्याहून जुना. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी बसू लागली आणि आलेल्या बाईला परत पाठवणे अवघड झाले. पुढे राज्य सरकारने हे काम आपले मानले, इतर राज्यांनीही तो नमुना घेतला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईच्या जखमा वेगळेच काही सांगत असतात, हे तिथल्या परिचारिका ओळखायला शिकल्या. मला हे काम कोणत्याही करारापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही. पण अनेक राज्यांत २००५ च्या कायद्यातले संरक्षण अधिकाऱ्याचे पद म्हणजे दुसऱ्याच खात्याच्या माणसाकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार असतो. कायदा राबवण्यात अशी कसूर झाली तर देशाबाहेर दाद मागण्याची सोय भारतीय बाईला नाही.

सार्क देशांनी २००२ मध्ये स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध करार केला, घरातल्या हिंसेविरुद्ध तसा करार केलेला नाही. २०१४ नंतर त्यांची शिखर परिषदही भरलेली नाही. ती भरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. स्त्रियांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली, मात्र वैयक्तिक तक्रारीची वाट खुली करणाऱ्या त्याच्या ऐच्छिक प्रोटोकॉलवर सही केली नाही. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या शेजाऱ्यांनी तो स्वीकारला आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा, भारताची सही का नाही?