जनुकीय भिन्नता आणि तरुणांचे हृदय-चयापचय आरोग्य : एक विवेचन

प्रस्तावना :

'मधुमेह आमच्या घराण्यातच आहे, त्याला इलाज नाही', असे उद्गार आपल्याकडे वारंवार ऐकू येतात. दुसरीकडे, विशीतील सडपातळ विद्यार्थ्याला हृदयविकाराचा धोका नसतोच, असेही गृहीत धरले जाते. आनुवंशिकीच्या अभ्यासाने ही दोन्ही गृहीतके अपुरी ठरवली आहेत. प्रस्तुत लेखात जनुकीय भिन्नता आणि तरुण वयातील हृदय व चयापचय यांचे आरोग्य यांतील संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एकाच जनुकाचा प्रभाव :

कोणत्याही दोन व्यक्तींच्या डीएनएमध्ये सुमारे ९९.९ टक्के साम्य असते. उरलेल्या फरकांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. काही मात्र निर्णायक ठरतात. यकृताच्या पेशींवरील ग्राही रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेतात. या ग्राहीच्या जनुकात दोष असल्यास ते कोलेस्टेरॉल जन्मापासूनच रक्तात वाढलेले राहते. कोलेस्टेरॉलच्या चयापचयाचे नियमन उलगडल्याबद्दल मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशी आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धी सुमारे २५० व्यक्तींमागे एकीत आढळते. आई किंवा वडील यांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

याची दुसरी बाजूही उद्बोधक आहे. पीसीएसके९ या जनुकापासून बनणारे प्रथिन उपरोक्त ग्राही नष्ट करते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २.६ टक्के कृष्णवर्णीय सहभागींमध्ये हे जनुक निष्प्रभ करणारे बदल आढळले. त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते. परंतु हृदयरोहिणी विकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होते. यावरून असे दिसते की, कोलेस्टेरॉल किती, याइतकेच ते किती वर्षे, हेही महत्त्वाचे आहे. म्हणूनच तारुण्यातील वर्षे हिशेबाबाहेर ठेवता येत नाहीत.

अनेक जनुके आणि जीवनशैली :

स्थूलता व मधुमेह यांच्यामागे बहुधा अनेक जनुकांचा अल्प-अल्प वाटा असतो. २००७ मध्ये एफटीओ जनुकातील एका भिन्नतेचा स्थूलतेशी संबंध आढळला. आई व वडील अशा दोघांकडून ती आलेल्या प्रौढांचे वजन, ती मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे ३ किलोंनी अधिक होते. मात्र २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा शारीरिकदृष्ट्या सक्रिय व्यक्तींमध्ये या भिन्नतेचा स्थूलतेवरील प्रभाव सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. २०१६ मधील एका व्यापक अभ्यासातही, उच्च जनुकीय जोखीम असूनही आरोग्यपूर्ण जीवनशैली असलेल्यांमध्ये हृदयरोहिणी विकाराची सापेक्ष जोखीम ४६ टक्क्यांनी कमी दिसून आली.

भारतीय संदर्भ :

२००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण 'लॅन्सेट'मध्ये मांडले. दोघांचाही देहवस्तुमानांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. पुढे २००९ मध्ये याज्ञिक व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, भारतीयांमध्ये एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ देहवस्तुमानांकाने पूर्णपणे स्पष्ट होत नाही. तात्पर्य, सडपातळ दिसणे ही आरोग्याची हमी नव्हे. भारतीयांसाठी देहवस्तुमानांकाची सावधगिरीची मर्यादा २५ ऐवजी २३ मानली जाते, तीही याच जातीच्या निरीक्षणांमुळे.

निष्कर्ष :

जनुके जोखमीचा आरंभबिंदू ठरवतात. बहुतेकांच्या बाबतीत अंतिम निकाल नव्हे. यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या जनुकीय चाचणीची आवश्यकता नाही. महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत वजनाबरोबर कमरेचा घेर मोजावा आणि कौटुंबिक इतिहास विचारावा. जवळच्या नात्यातील पुरुषाला ५५ वर्षांपूर्वी किंवा स्त्रीला ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असल्यास त्या विद्यार्थ्याला कोलेस्टेरॉल तपासणीचा सल्ला द्यावा. ही माहिती गोपनीय राहील आणि कोणावरही 'रोगी घराण्यातला' असा शिक्का बसणार नाही, याची जबाबदारी मात्र आपणा अध्यापकांचीच आहे. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धीवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. ती विसाव्या वर्षी सुरू होतात की पहिल्या झटक्यानंतर, हाच खरा प्रश्न आहे.