फ्रेटलेस बास विकायचीय? फोटोआधी आवाज पाठवा

बीडमध्ये जुनी पेटी विकायची तर भजनी मंडळात शब्द टाकला की पुरतं. पखवाजाचंही तसंच. 1986 मध्ये पद्मश्री मिळालेले पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचेच. फ्रेटलेस बास गिटारला असा घरचा बाजार नाही. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात बास बहुधा की-बोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागते. म्हणजे वस्तू दुर्मिळ, पण तिचं गिऱ्हाईक त्याहून दुर्मिळ. भाव ठरतो तो या दुसऱ्या गोष्टीवर.

साध्या बास गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंही बोट दाबलं तरी सूर जागेवर येतो. फ्रेटलेसला पट्ट्याच नसतात. बोट जरा सरकलं की सूर ढळतो. बदल्यात सारंगीसारखी सलग मींड मिळते. बासवादक जॅको पास्टोरियसच्या 1976 च्या पहिल्या अल्बमनं हा आवाज जगभर गाजवला. त्याची गिटार होती 1962 ची फेंडर जॅझ बास: फ्रेट काढलेली, खाचा भरलेली, वर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचा थर. फेंडरनं स्वतः फ्रेटलेस बास 1970 मध्ये बाजारात आणली.

म्हणून जाणकार पहिल्यांदा विचारतो, गिटार कंपनीतूनच फ्रेटलेस आली की नंतर फ्रेट काढले? काढले असतील तर ते कोणी काढले आणि खाचा कशानं भरल्या, हे सांगून टाकावं. पुढचा प्रश्न फिंगरबोर्डचा. गोल वेटोळ्याच्या खरखरीत तारा शिसवी लाकडात चर पाडतात. चपट्या वेटोळ्याच्या तारा लाकूड कमी खातात. चर खोल असतील तर बोर्ड घासून घेण्याचा खर्च गिऱ्हाईक किमतीतून वजा करणारच. तिसरी तपासणी दांडीची. बीडच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळी दमटपणात लाकूड आक्रसतं, फुगतं, दांडीचा बाक बदलतो. आतला लोखंडी ट्रस रॉड फिरतो का, ते विकण्याआधीच पाहून घ्यावं.

खरं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत किंवा संभाजीनगरात बसलेलं असतं. चकचकीत फोटोवरून त्याला काहीच कळत नाही. एफेक्ट न लावता, चारही तारांवर खालून वरपर्यंत संथ सुरावट वाजवून रेकॉर्डिंग पाठवावं. तार कुठं मरते, कुठं खडखडते, ते लपत नाही. सोबत बोर्डचे जवळून, तिरप्या उजेडातले फोटो.

पैसे घेताना एक पथ्य: यूपीआयवर पैसे स्वीकारायला पिन लागत नाही. पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. पाठवताना तारा थोड्या सैल करून गिटार कडक पेटीत भरावी. ट्रॅव्हल्सच्या डिकीत नुसत्या कापडी पिशवीवर भरवसा ठेवू नये.

आणि घाई असेल तर भाव उतरवावाच लागेल. थांबायची तयारी असेल, तरच दुर्मिळपणाचे पैसे मागावेत.