इंग्रजीचे दोन वर्ग : भाषा की साहित्य?

अमेरिकेत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजीचे दोन प्रगत अभ्यासक्रम असतात : एक ‘भाषा आणि लेखन’, दुसरा ‘साहित्य आणि लेखन’. दोन्ही कॉलेज बोर्ड या संस्थेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ योजनेतले. शाळेतच महाविद्यालयाच्या दर्जाचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाल्यास अनेक महाविद्यालये त्या विषयातून सूट किंवा क्रेडिट देतात; नामांकित ठिकाणी ४ किंवा ५ लागते. यात पैसा व वेळ वाचतो. म्हणून गरिबाच्या मुलाला ही निवड केवळ आवडीनिवडीची नसते.

ही योजना मुळात कोणासाठी होती? १९५०नंतरच्या दोन-तीन वर्षांत फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून जे अभ्यास झाले, त्यांतून तिचा पाया घातला गेला. त्यांत अँडोव्हर, एक्झिटर यांसारख्या श्रीमंतांच्या खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे होती. १९५५ साली बोर्डाने ती चालवायला घेतली. सरकारी शाळांतील गोऱ्या-काळ्यांची फारकत घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४चा. म्हणजे शाळेचे दार उघडत होते, त्याच सुमारास शाळेच्या आत निवडकांचा निराळा वर्ग आकार घेत होता. इंग्रजीची परीक्षा आधी एकच होती. १९८० साली भाषेची वेगळी झाली.

भाषेच्या वर्गात मुख्यतः निबंध, भाषणे, पत्रे वाचतात. परीक्षेत तीन निबंध : दिलेल्या संदर्भांपैकी किमान तीन वापरून आपली बाजू मांडणे, एखादा लेखक वाचकाला कसा पटवतो ते उलगडणे, आणि स्वतःचा युक्तिवाद करणे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र या वर्गात पुष्कळदा अभ्यासले जाते. निदर्शनांची ही वेळ नव्हे, असे सांगणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर आहे. सभ्य शब्दांत दिलेला ‘थांबा’चा सल्ला कसा मोडून काढावा, हे त्यातून शिकता येते.

साहित्याच्या वर्गातही तीन निबंध : अनोळखी कवितेवर, कथा-कादंबरीच्या उताऱ्यावर आणि आपण वाचलेल्या कादंबरीवर किंवा नाटकावर. टोनी मॉरिसन यांची १९८७ची ‘बिलव्हेड’ येथे वाचली जाते. मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून आईच तिचा जीव घेते. हे दुःख युक्तिवादात मावत नाही. ते समजायला प्रतिमा, निवेदन, मौन यांचे वाचन यावे लागते.

मग निवड कशी करावी? बोर्डाच्या नियमाने एक वर्ग दुसऱ्याची पूर्वअट नाही. बहुतेक शाळा अकरावीला भाषा व बारावीला साहित्य ठेवतात. एकच घेणे शक्य असेल, आणि घरातून महाविद्यालयात जाणारे ते पहिलेच मूल असेल, तर आधी भाषा घ्यावी. इतिहास असो की विज्ञान, पुरावा मांडून लिहिणे सगळीकडे लागते. तथापि साहित्य ही सुखवस्तूंची चैन आहे, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. महाविद्यालयांचे नियमही सारखे नसतात; ते आधी पाहावेत.

परंतु खरी निवड पुष्कळदा विद्यार्थ्याच्या हाती नसतेच. काही शाळांत हे वर्गच नसतात. जेथे असतात तेथे माध्यमिकच्या खालच्या इयत्तांतच मुलांची वाट ठरते. शिक्षकाची शिफारस, आधीचे गुण, समुपदेशकाचा सल्ला यांतून. परिणामी काळ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण या वर्गांत त्यांच्या एकूण संख्येच्या मानाने कमी राहिले आहे. किंग आणि मॉरिसन पाठ्यक्रमात आले, पण त्यांच्या वस्तीतली मुले वर्गाबाहेर राहिली, तर तो समावेश कागदावरचाच म्हणावा लागेल. म्हणून भाषा की साहित्य, हे विचारण्याआधी विचारले पाहिजे : हा प्रश्न कोणाला विचारला गेला, आणि कोणाला विचारलाच गेला नाही?