ठसका

उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले, की आमच्या गल्लीतल्या डंकावर मिरची कांडायची रांग लागते. जवळून जाणाऱ्याचे डोळे पाणावतात, घसा धरतो आणि खोकल्याची जी उबळ येते तिला आपण ठसका म्हणतो. ब्याडगी रंगाला बरी. ठसका हवा असेल तर संकेश्वरीच पाहिजे. हे संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातले, निपाणीच्या जवळचे. आणि निपाणीला तर बिडीच्या तंबाखूचा खकाणा!

त्या मुलुखात कानडी शेजारणीने ‘खार’ म्हटले, तर भाजी तिखट झाली असे समजावे. नव्या मराठी सुना मिठाच्या बरणीकडे पाहत राहतात. 1956 साली 1 नोव्हेंबरला तो भाग म्हैसूर राज्यात गेला. ठसका मात्र अलीकडे-पलीकडे एकच राहिला.

घशातला हा शब्द गळ्यात कधी शिरला, कोण जाणे. पण ‘ठसकेबाज लावणी’ म्हटले, की आपल्या पिढीला सुलोचनाबाई चव्हाण आठवतात. 2022 च्या डिसेंबरात त्या गेल्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता, जागच्या जागी उभ्या राहून त्या गात. हातवारे नाहीत, नेत्रपल्लवी नाही. जे काय असायचे ते शब्दांच्या फेकीत. ऐकणाऱ्याच्या मनात नको ते आले, तर तो दोष ऐकणाऱ्याचा!

चावटपणा निराळा. जुन्या मराठीत चावट म्हणजे नुसता बडबड्या. सोवळ्यातली मर्यादा ओलांडण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला असावा. मला तो जुना अर्थच अधिक खरा वाटतो. चावट माणसाला थांबावे कुठे हे कळत नाही. ठसक्याला ते नेमके कळते.

हा फरक आपण बायकांच्या बाबतीत मात्र सोयीने विसरतो. पुरुषाने बैठकीत काही सैल विनोद केला, तर ‘चावट आहे हो’ म्हणून आपण कौतुकाने हसतो. बाईने तोडीस तोड उत्तर दिले, की तोच शब्द शिवी होतो. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत बसून काम करणाऱ्या बायका आपल्या मजुरीसाठी संघटित झाल्या. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने 1982 साली त्यांच्यावर माहितीपटही काढला. खकाण्याने खोकणाऱ्या त्या बायांनी मालकापुढे तोंड उघडले, त्याला काय म्हणायचे? मी तरी ठसकाच म्हणेन.

आमच्या आत्याबाई फार सोवळ्या. नातीने जरा उलट उत्तर दिले, की ‘चावट मेली’ म्हणून गरजत. पण रेडिओवर सुलोचनाबाईंची लावणी लागली, की स्वतःचा पदर सारखा करून ऐकत बसत. जिन्यावर पावले वाजली, तर आवाज तेवढा बारीक करीत. रेडिओ कधी बंद केला नाही.