बुखारीला बाहेरची हवा देताना नळीची जागा निर्णायक

काश्मीर, लडाख आणि हिमाचल प्रदेशातील अनेक घरांत हिवाळ्यात लाकूड जाळणारी लोखंडी बुखारी पेटलेली असते. हिमाचलच्या काही भागांत तिलाच तंदूर म्हणतात. दगड, माती आणि लाकडाच्या जुन्या घरांतील फटींतून थंडी येत असे, तशी जाळाला लागणारी हवाही. सिमेंटच्या भिंती आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्यांमुळे नव्या घरांत ही वाट बंद होते.

एक किलो लाकूड पूर्ण जळण्यास किमान ४ ते ५ घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक. ती न मिळाल्यास धुराड्याची ओढ मंदावते, धूर खोलीत उलटतो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोका कळत नाही.

भिंतीतून बुखारीपर्यंत नळी आणणे हा यावरचा उपाय आहे. मात्र नळीचे बाहेरचे तोंड जळणाच्या कप्प्यापेक्षा उंच असेल, तर वारा फिरताच तीच दुसरे धुराडे बनून तप्त वायू बाहेर ओढू शकते. म्हणूनच अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता फायरप्लेससाठी असे उंच तोंड निषिद्ध ठरवते. गॅरेजमधून हवा घेण्यासही तेथे मनाई आहे. प्रमाणित नसलेल्या नळीचा आगीकडील सुमारे दीड मीटर भाग लाकडासारख्या ज्वलनशील वस्तूंपासून किमान २५ मिलिमीटर दूर ठेवावा लागतो. नळी अर्थातच धातूची हवी. स्वस्त पडते म्हणून प्लास्टिकचा पाइप वापरणे धोक्याचे.

हिमप्रदेशात खरी अडचण पुढेच आहे. तोंड खाली ठेवावे तर बर्फ ते बुजवतो. त्यामुळे रुंद छज्जाखालची, बर्फ न साचणारी बाजू निवडावी, तोंडाला गंज न धरणारी जाळी लावावी आणि प्रत्येक हिमवृष्टीनंतर ते मोकळे करावे. नळीतील झडप आग पूर्ण विझून राख थंड झाल्यावरच बंद करावी. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखाही धूर उलटा खेचू शकतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

धुराडे नसलेल्या कोळशाच्या शेगडीला मात्र अशी नळी सुरक्षित करू शकत नाही. ती बंद खोलीत ठेवून झोपू नये. पहलगाम किंवा मनालीला जाणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटकांनाही हे लागू आहे. खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असावे. डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवल्यास सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.