पोपटी लावताना मुलं कुठे बसतील?
मैत्रिणींनो, भातानंतर पेरलेल्या वालाच्या शेंगा थंडीत भरल्या, की आपल्या महाड-पोलादपूरकडे मुलं पोपटीचा हट्ट धरतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, मीठ. पाणी नाही, शेंगा वाफेवरच शिजतात. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उपडं ठेवायचं, भोवती अर्धा तास जाळ.

पण आधी आजूबाजूचं वाळलं गवत काढा, नाहीतर वणवा लागेल. चुन्याची रेघ आखा. मुलं रेघेबाहेर, सुती कपड्यांत. पाण्याची बादली जवळ ठेवा. कुणाला भाजलंच, तर टूथपेस्ट लावू नका. 20 मिनिटं साधं पाणी ओता, मग दवाखाना गाठा. राखेखाली निखारा रात्रभर धगधगतो, म्हणून तो पाण्यानं विझवूनच घरी परता.